एक शून्य कमी: टपालाने मागवलेल्या चेकचे एक प्रकरण

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाचे खजिनदारपद २०२३ च्या जानेवारीत माझ्याकडे आले आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत मंडळाने दिलेले तीन चेक न वटता परत आले. खात्यात पैसे होते, सह्या बरोबर होत्या, तारखा अमेरिकी पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस अशाच घातल्या होत्या, आणि खाडाखोड कुठेही नव्हती. दोष होता तो छापील चेकच्या तळाशी असलेल्या आकड्यांच्या ओळीत, जी ओळ कार्यकारिणीतल्या सहा जणांपैकी एकानेही वाचलेली नव्हती. हिशेब तपासनिसांनी नंतर या प्रकाराची टिपणी मागितली, ती मी त्या वेळी चार ओळींत दिली. पण चेक छापून घेण्याची अमेरिकेतली पद्धत आणि आपल्याकडची सवय यांच्या फटीत हे प्रकरण घडले असल्यामुळे ते सविस्तर लिहून ठेवण्यासारखे आहे.

मंडळाचे जुने खाते ज्या बँकेत होते तिने आमच्या गावातली शाखा डिसेंबरात बंद केली. रोख देणग्या भरायला पंचवीस मैल जाणे कोणालाच परवडणारे नव्हते, म्हणून ९ जानेवारीला आम्ही जवळच्या एका लहान बँकेत नवे खाते उघडले. बँकेने त्याच दिवशी पाच तात्पुरते चेक हातात ठेवले. हे चेक बँकेच्या काउंटरवरच छापले जातात. त्यांवर खात्याचा क्रमांक असतो, परंतु खातेदाराचे नाव आणि पत्ता नसतो. ज्या शाळेचे सभागृह आम्ही दर वर्षी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी भाड्याने घेतो, त्या शाळेच्या कार्यालयाने असा बिननावाचा चेक घ्यायला साफ नकार दिला. पाडवा २२ मार्चला होता, कार्यक्रम २५ मार्चच्या शनिवारी ठरला होता, आणि सभागृहाची अनामत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत भरायची होती. छापील चेक लवकर हवे होते.

बँकेमार्फत मागवले असते तर एका पानावर तीन चेक असलेल्या, बाजूला स्थळप्रत असलेल्या ३०० चेकच्या संचाला १४८ डॉलर पडत होते. टपालाने चेक पुरवणाऱ्या एका छपाई कंपनीच्या संकेतस्थळावर तसाच संच ६० डॉलरला होता. त्यात पाठवणी आणि हाताळणीचे १३ डॉलर मिळवले आणि चेकच्या फसवणुकीची सूचना देणारी म्हणून एक सेवा, जिच्यापुढची खूण आधीच केलेली होती आणि जी काढायची माझ्या लक्षात राहिली नाही, तिचे ४ डॉलर धरले, तरी ७७ डॉलरांत काम होत होते. मंडळाचे ७१ डॉलर वाचत होते. नव्या खजिनदाराला पहिल्याच महिन्यात एवढी बचत दाखवता येणे हा मोह लहान नव्हता.

चेक कोण छापतो

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात चेकबुक आणि बँक या दोन गोष्टी वेगळ्या नसतात. चेकबुक संपले की बँकेत मागणीची चिठ्ठी द्यायची किंवा नेट बँकिंगवरून विनंती करायची. ते कोणत्या छापखान्यात छापले जाते हे खातेदाराला कधी कळत नाही आणि कळायचे कारणही नसते. सीटीएस २०१० या मानकाप्रमाणे भारतीय चेकच्या कागदात जलचिन्ह असते, त्यावर ठरावीक ठिकाणी ठरावीक मजकूर असतो, आणि या सगळ्याची जबाबदारी बँकेवर असते. त्यामुळे हातात आलेल्या चेकवरचा क्रमांक बरोबर असणार, कारण तो बँकेने छापला आहे, असे आपण न बोलता गृहीत धरतो आणि ते बरोबरच असते.

अमेरिकेत ही समजूत कामाला येत नाही. तिथल्या राज्यांनी स्वीकारलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागांत चेकचे नियम आहेत. चेक म्हणजे ठरावीक रक्कम मागता क्षणी द्यावी असा खातेदाराने आपल्या बँकेला दिलेला, सही केलेला, बिनशर्त लेखी आदेश. तो कागद कोणत्या छापखान्यातून आला याच्याशी त्या व्याख्येला कर्तव्य नाही. कागदाचे माप, शाई आणि आकड्यांची जागा यांची तांत्रिक मानके पाळली म्हणजे पुरते. चेक छापणे हा तिथे शंभराहून अधिक वर्षे चाललेला स्वतंत्र धंदा आहे. डब्ल्यू. आर. हॉचकिस यांनी १९१५ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल येथे सुरू केलेली डिलक्स ही कंपनी त्यातली सर्वांत परिचित. अशा कंपन्यांचा माल बराच काळ बँकांमार्फतच खातेदारापर्यंत पोहोचत असे. १९८० च्या दशकात थेट खातेदाराला टपालाने चेक विकण्याचा व्यवसाय वाढला आणि रविवारच्या वर्तमानपत्रांबरोबर येणाऱ्या कूपनांच्या पुरवण्यांत मांजरांची, दीपस्तंभांची आणि सूर्यास्ताची चित्रे असलेल्या चेकच्या जाहिराती दिसू लागल्या. बँकेपेक्षा निम्म्या दराने चेक मिळतात हे लोकांच्या लक्षात आले ते तेव्हापासून.

दरातला हा फरक कशाचा आहे हे मात्र जाहिरातीत लिहिलेले नसते. बँकही चेक बाहेरूनच छापून घेते. पण बँकेने पाठवलेल्या मागणीत खात्याचा क्रमांक बँकेच्या स्वतःच्या नोंदीतून जातो. टपालाच्या मागणीत तो खातेदार स्वतः टाइप करतो, आणि छपाई कंपनीला त्या खात्याबद्दल दुसरी काहीही माहिती नसते. आमच्या प्रकरणातले ७१ डॉलर या एका गोष्टीचे होते.

मागणी आणि नमुना

२२ जानेवारीच्या रविवारी रात्री मी मागणी भरायला बसलो. बँकेने दिलेले पाच तात्पुरते चेक त्या वेळी माझ्याजवळ नव्हते. मंडळाच्या चेकवर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोन सह्या लागतात, म्हणून ते अध्यक्षांच्या घरी कपाटात होते. माझ्यापुढे होते ते बँकेचे स्वागतपत्र. त्यात खात्याचा दहा अंकी क्रमांक बारीक टायपात छापलेला होता आणि त्याच्या मधोमध ओळीने चार शून्ये होती. मी तीन टाइप केली.

अर्जात हा क्रमांक दोनदा लिहायचा होता, म्हणजे चूक झाली तर दोन्ही नोंदी जुळणार नाहीत आणि ती लगेच उघडी पडेल. मी पहिला क्रमांक उचलून दुसऱ्या चौकटीत तसाच चिकटवला. दोन्ही तंतोतंत जुळले.

त्याच्या आधीची चौकट बँकेच्या राउटिंग क्रमांकाची, म्हणजे चेक कोणत्या बँकेकडे जायचा हे सांगणाऱ्या क्रमांकाची होती, आणि माझा आत्मविश्वास वाढवण्याचे काम तिने केले. तो नऊ अंकी क्रमांक टाइप करताच शेजारी आमच्या बँकेचे नाव आपोआप उमटले. संगणक बँकेला ओळखतो आहे, म्हणजे खात्यालाही ओळखत असणार, असा काहीसा समज त्या क्षणी झाला असावा. प्रत्यक्षात त्या दोन क्रमांकांची जात अगदी वेगळी आहे. राउटिंग क्रमांकाची पद्धत अमेरिकन बँकर्स असोसिएशनने १९१० मध्ये सुरू केली. त्याची यादी जाहीर असते, आणि नऊपैकी शेवटचा अंक आधीच्या आठांची पडताळणी करण्यासाठीच असतो. पहिला, चौथा आणि सातवा अंक यांच्या बेरजेला तीनने गुणायचे, दुसरा, पाचवा आणि आठवा यांच्या बेरजेला सातने, उरलेल्या तिघांची नुसती बेरीज घ्यायची, आणि सगळे मिळून आलेल्या संख्येला दहाने निःशेष भाग गेला पाहिजे. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा क्रमांक ०११००००१५ असा आहे. त्यात पहिल्या गटाची बेरीज शून्य, दुसऱ्या गटाची दोन म्हणजे सातने गुणून चौदा, आणि तिसऱ्या गटाची सहा. एकूण वीस, म्हणजे क्रमांक ग्राह्य. एखादा अंक चुकला तर हा हिशेब जुळत नाही. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी ती पकडली जाते. फक्त त्या दोन अंकांत नेमका पाचाचा फरक असेल तर ती निसटते.

खात्याच्या क्रमांकाला अशी बाहेरच्याला तपासता येईल अशी कोणतीही खूण नसते. कोणत्या बँकेचे क्रमांक किती अंकी असावेत याचाही सर्वांना लागू असा नियम नाही. त्यामुळे नऊ अंकी खाते क्रमांक पाहून छपाई कंपनीला संशय यायचे काहीच कारण नव्हते.

राउटिंग क्रमांकाच्या बाबतीतही एक खड्डा असतो, ज्यात मी योगायोगानेच पडलो नाही. एकाच बँकेचे एकाहून अधिक राउटिंग क्रमांक असू शकतात. वायरने पैसे पाठवण्याचा वेगळा, चेकचा वेगळा. पैसे भरण्याच्या चिठ्ठीवर छापलेला क्रमांक तर कधी कधी केवळ बँकेच्या अंतर्गत कामाचा असतो, आणि म्हणूनच अमेरिकेचे आयकर खाते परताव्यासाठी बँकेचा तपशील लिहिताना तो या चिठ्ठीवरून घेऊ नये असे आपल्या सूचनांत सांगते. असे क्रमांक पडताळणीच्या अंकाच्या कसोटीला उतरले तरी चेकवर चालतीलच असे नाही.

मागणी भरल्यावर कंपनीने छपाईपूर्व नमुना पाठवला. मी पडद्यावरच्या नमुन्याचे चित्र काढून कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि दोन दिवस त्यावर जी चर्चा झाली, तिच्या निम्म्यानेही मंडळाच्या अंदाजपत्रकावर कधी झालेली नाही. मंडळाच्या नावात बँकेच्या नोंदीप्रमाणे शेवटी इनकॉर्पोरेटेड हवे, हे एकाने बरोबर पकडले. दोन सह्यांसाठी दोन रेघा हव्यात, हे दुसऱ्याने सांगितले. (या दोन रेघांचा उपयोग मंडळाच्या आतल्या शिस्तीपुरता असतो हे मला नंतर बँकेत कळले, दुसरी सही आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी आम्ही घेत नाही, असे आमच्या खात्याच्या करारातच लिहिलेले होते, आणि अमेरिकी बँकांच्या करारांत असे कलम सर्रास असते.) डाव्या कोपऱ्यात मंडळाच्या बोधचिन्हातला गणपती छापावा असा माझा बेत होता, त्याला आमच्या ज्येष्ठ सभासद असलेल्या काकूंनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे होते, "अहो, चेक फाडायचा असतो. फाडायच्या कागदावर गणपती कशाला?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. शेवटी गणपतीच्या जागी समई आली.

तळाच्या ओळीकडे कोणी पाहिले नाही. पाहिले असते तरी वाचता आली असती की नाही याची मला शंका आहे, कारण मी टाकलेले चित्र गटावर जाताना दबले होते आणि फोनवर ती ओळ मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती. पण खरे कारण वेगळे होते. नाव, पत्ता, चित्र हे आम्ही दिलेले, म्हणून आम्ही तपासायचे. तळाचे आकडे बँकेचे, म्हणून ते बरोबर असणारच. २५ जानेवारीला, मजकूर आणि क्रमांक मी तपासले आहेत या वाक्यापुढे खूण करून मी नमुना मंजूर केला.

तेरा दिवस

९ फेब्रुवारीला खोके आले. साधे पुठ्ठ्याचे, बाहेर चेक असा उल्लेख नसलेले, आणि रस्त्याकडेच्या टपालपेटीत अर्धे आत अर्धे बाहेर ठेवलेले. चेक दिसायला उत्तम होते. सहीची रेघ जवळून पाहिली की ती रेघ नसून अतिबारीक अक्षरांची ओळ आहे हे दिसत होते, मागच्या बाजूला फिकट पार्श्वभूमी होती, आणि कुलपाच्या आकाराचे सुरक्षाचिन्हही होते. ११ फेब्रुवारीच्या शनिवारी आम्ही पहिले तीन चेक फाडले: सभागृहाच्या अनामतीचा ११५० डॉलरचा, मंडळाच्या विम्याच्या हप्त्याचा ३८५ डॉलरचा, आणि जेवणाच्या कंत्राटदाराला आगाऊ म्हणून ६०० डॉलरचा.

त्यानंतर तेरा दिवस काहीच घडले नाही, आणि या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो. मी रोज रात्री खाते उघडून पाहत होतो. रक्कम जशीच्या तशी होती. मी समजलो की तिघांनीही चेक अजून भरलेले नाहीत, आणि तसे समजणे वेडेपणाचे नव्हते. भारतात एप्रिल २०१२ पासून चेक तीन महिन्यांत वटवावा लागतो, पण अमेरिकेत सहा महिन्यांपर्यंत तो चालतो आणि लोक चेक आठवडेच्या आठवडे टेबलाच्या खणात ठेवतात. चेक खात्यात शिल्लक नसल्यामुळे परत गेला असता तर बँकेने आम्हाला त्याच दिवशी कळवले असते आणि दंडही लावला असता. आमचे चेक मात्र आमच्या खात्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. बँकेच्या दारापर्यंत ते राउटिंग क्रमांकाच्या आधारे व्यवस्थित गेले, आत त्या नऊ अंकी क्रमांकाचे खाते सापडले नाही, आणि ते आले तसे परत गेले. कळवायचे कोणाला, हा प्रश्न बँकेच्या यंत्रणेपुढे उभाच राहिला नाही, कारण तिच्या लेखी त्या चेकला खातेदारच नव्हता. चेक देणाऱ्याला सगळ्यांत शेवटी कळावे, अशी ही चूक असते.

२४ फेब्रुवारीला कंत्राटदाराचा फोन आला. त्याने चेकचे फोनवरून चित्र काढून तो आपल्या खात्यात भरला होता. चेकच्या चित्राला मूळ कागदाइतकी मान्यता मिळण्याची वाट अमेरिकेत चेक २१ या कायद्याने मोकळी झाली. २००१ च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यानंतर विमाने जमिनीवर राहिली तेव्हा देशभर विमानाने फिरणारे कागदी चेकही अडकून पडले होते, आणि त्या अनुभवानंतर हा कायदा २००३ मध्ये होऊन ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला. कंत्राटदाराच्या खात्यात ६०० डॉलर आधी जमा दिसले, त्यातून त्याने वाण्याचे बिल दिले, आणि मग ते ६०० डॉलर परत काढले गेले. वर त्याच्या बँकेने १२ डॉलर कापले. तो आमच्याच मंडळाचा जुना सभासद, म्हणून बोलणे सौम्य होते. "दादा, तुमचं खातं बंद झालंय का?" एवढेच त्याने विचारले. बँकेने त्याला पाठवलेल्या परतीच्या सूचनेचे चित्र त्याने मला पाठवले. त्यात परतीचे कारण खाते सापडत नाही असे दिलेले होते.

२७ फेब्रुवारीला उरलेली दोन पत्रे आली. शाळेच्या कार्यालयाने ३५ डॉलर दंड लावला होता आणि यापुढे मंडळाकडून फक्त बँकेचा हमीचा चेक घेतला जाईल असे कळवले होते. विमा कंपनीचे २५ डॉलर दंडाचे पत्र त्याहून गंभीर होते, कारण ठरावीक दिवसांत हप्ता न भरल्यास पॉलिसी रद्द होईल असे त्यात होते. आणि शाळा विम्याच्या दाखल्याशिवाय सभागृहाचे दार उघडत नाही. एका शून्याने तीन चेक परत आणले होते, पण त्यांतला एक चेक उरलेल्या सगळ्यांच्या मुळाशी होता.

त्या संध्याकाळी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी कपाटातून तात्पुरता चेक काढला, मी नवा छापील चेक त्याच्याखाली धरला, आणि दोन्ही आम्ही स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ओट्यावर ठेवले. तळाच्या ओळीतले आकडे ई-१३बी नावाच्या ठोकळेबाज वळणाचे असतात. १९५० च्या दशकात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने बँक ऑफ अमेरिकेसाठी चेक यंत्राने वाचण्याचे जे काम केले त्यातून आलेल्या तंत्रातले हे वळण असून भारतीय चेकवरही तेच असते. चुंबकीय शाईने छापलेले हे आकडे माणसाला वाचता येत असले तरी आखलेले आहेत ते मुख्यतः यंत्राच्या सोयीने. शून्ये तर सगळी एकसारख्या खिडक्यांसारखी दिसतात. आम्ही टाचणीच्या टोकाने एकेक शून्य मोजले. वरच्या चेकवर चार, खालच्यावर तीन.

अध्यक्ष आयुष्यभर हिशेबाच्या नोकरीत राहिलेले. ते म्हणाले, "एक शून्य कमी झालं हे नशीब समजा. दोन आकडे उलटसुलट झाले असते तर?" त्यांच्या बोलण्यातला मुद्दा मला घरी येताना नीट उमगला. अंकांची अदलाबदल होऊन तयार झालेला क्रमांक त्याच बँकेतल्या दुसऱ्या कोणाचा असता, तर चेक कदाचित वटले असते, आमचे देणे फिटलेले दिसले असते, आणि २१३५ डॉलर अनोळखी माणसाच्या खात्यातून गेले असते. त्या माणसाने आपले विवरण पाहून तक्रार केली की बँकेला ते परत द्यावे लागतात, कारण खातेदाराने न दिलेल्या आदेशावर त्याचे पैसे काढण्याचा बँकेला अधिकार नसतो. पण ते उघड व्हायला महिने गेले असते आणि चोरीचा पहिला संशय ज्याचे नाव चेकवर ठळक छापलेले आहे त्या मंडळावर आला असता.

निस्तरणे

विम्याचा हप्ता दंडासह दुसऱ्या दिवशी सकाळीच फोनवरून कार्डाने भरला. शाळेसाठी १ मार्चला बँकेकडून हमीचा चेक घेतला, त्याचे बँकेने १० डॉलर घेतले. कंत्राटदाराला ६१२ डॉलर रोख दिले आणि पावती घेतली.

छपाई कंपनीशी बोलताना मी तक्रारीच्या सुरात सुरुवात केली होती. पलीकडच्या बाईंनी माझी मागणी उघडली, मी कोणत्या दिवशी किती वाजता नमुना मंजूर केला ते सांगितले आणि क्रमांक वाचून दाखवला. तो मी टाइप केलेलाच होता. कंपनीची चूक असती तर त्यांनी फुकट छापून दिले असते; चूक माझी असल्यामुळे त्यांनी निम्म्या दराने, ३० डॉलरांत, नवा संच देऊ केला. मला हे न्याय्य वाटले आणि आजही वाटते. नमुन्यातली तळाची ओळ त्यांनी मोठी करून, वेगळ्याने मंजूर करायला लावावी, एवढे मी सुचवले.

पुन्हा त्यांच्याकडूनच का मागवले असे कार्यकारिणीत विचारले गेले. त्याचे उत्तर असे की बँकेमार्फत मागवल्यास तीन आठवडे लागणार होते, आणि आता क्रमांक कसा तपासायचा ते आम्हाला कळले होते. दुसऱ्या मागणीत आम्ही चार गोष्टी बदलल्या. क्रमांक स्वागतपत्राऐवजी तात्पुरत्या चेकवरून घेतला आणि अध्यक्षांनी तो मला फोनवर उलट्या क्रमाने, शेवटच्या अंकाकडून वाचून दाखवला. पहिला संच १००१ ते १३०० असा होता, म्हणून नवा १३०१ पासून सुरू केला, म्हणजे वहीत एकाच क्रमांकाचे दोन चेक येणार नाहीत. पहिल्या संचावर माझ्या घराचा पत्ता होता. खजिनदार दर दोन वर्षांनी बदलतो आणि ३०० चेक मंडळाला पाच वर्षे पुरतात, त्यामुळे तो पत्ता मुळातच चुकीचा होता, त्याच्या जागी मंडळाची टपालपेटी घातली. आणि पाठवणीसाठी ५ डॉलर जास्त देऊन, सही घेतल्याशिवाय खोके देऊ नये असे सांगितले. हा शेवटचा बदल वर्तमानपत्र वाचून सुचला. आमची दोन पत्रे आली त्याच २७ फेब्रुवारीला, टपालातून चेक चोरून त्यांवरची शाई धुऊन नवी नावे आणि रकमा घालण्याचे प्रकार देशभर वाढल्याबद्दल अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाने बँकांना सावधगिरीची सूचना दिली होती. ३०० कोऱ्या चेकचे खोके टपालपेटीतून अर्धे बाहेर डोकावत असलेले मला आठवले.

जुन्या संचातले उरलेले २९७ चेक काय करायचे, यावर थोडा वाद झाला. क्रमांकच चुकीचा आहे तर ते रद्दीत टाकायला हरकत नाही, असे एकाचे मत होते. पण त्यांवर मंडळाचे नाव होते, माझा पत्ता होता, बँकेचा खरा राउटिंग क्रमांक होता, आणि दुकानदाराच्या हातात असा चेक पडला तर तो खोटा आहे हे त्याला दोन आठवड्यांनी कळणार होते, अगदी आमच्या कंत्राटदाराला कळले तसे. एका शनिवारी दुपारी बसून ते सगळे यंत्रात कापून बारीक केले. काकू तिथे होत्या. समईची चित्रे कापली जाताना पाहून त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

नवे खोके १४ मार्चला आले. या वेळी कोणालाही पैसे देण्याआधी आम्ही १३०१ क्रमांकाचा चेक माझ्या नावाने एक डॉलर पंचवीस सेंटचा लिहिला. परीक्षेसाठी कितीचा चेक लिहावा असे मी विचारले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, "सव्वा लिहा. सुरुवात सव्वाने करावी." मी तो त्याच रात्री फोनवरून माझ्या खात्यात भरला. १६ मार्चला सकाळी मंडळाच्या खात्यातून सव्वा डॉलर वजा झालेला दिसला. त्या नोंदीवर बोट ठेवताच चेकचे चित्र उघडले, आणि तळाच्या ओळीत चार शून्ये होती. त्यानंतरच बाकीचे चेक लिहायला घेतले. २५ मार्चचा कार्यक्रम ठरल्या वेळी, ठरल्या सभागृहात झाला.

वार्षिक हिशेबात चेक छपाई या सदराखाली मला पुढील आकडे मांडावे लागले. पहिला संच ७७ डॉलर, दुसरा संच पाठवणीसह ४८ डॉलर, शाळा, विमा आणि कंत्राटदार यांच्याकडचे दंड मिळून ७२ डॉलर, आणि हमीच्या चेकचे १० डॉलर; एकूण २०७ डॉलर. बँकेने सुरुवातीला सांगितलेल्या दरापेक्षा हे ५९ डॉलर अधिक होते. हिशेब तपासनिसांनी त्या रकमेखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि सव्वा डॉलरची पावती मागितली. ती रक्कम मी मंडळाला रोख परत केलेली होती; पावती फाईलला लावली आहे.